पाण्यावरची रेघ, काळ्या दगडावरची रेघ
(मॉरिशसच्या सागरी सीमांचा प्रश्न या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी भाषेत दोन रेघा प्रसिद्ध आहेत. एक काळ्या दगडावरची आणि दुसरी पाण्यावरची. जे कधीही पुसले जाणार नाही ती काळ्या दगडावरची रेघ आणि जे ओढताक्षणीच विरून जाते ती पाण्यावरची रेघ. ही भाषा ज्यांनी घडविली, त्या पूर्वजांच्या काळात पाण्यावर रेघ ओढणे हे निरर्थकतेचेच लक्षण होते. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांत जगाच्या व्यवहारात एक विलक्षण पालट झाला. आज राष्ट्रे पाण्यावर रेघा ओढतात, त्या रेघांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पायऱ्या चढतात, आणि एकदा ओढलेली रेघ सह्याद्रीच्या कातळावरील रेघेहून पक्की ठरते.

अशा रेघांसाठी अर्धशतकाहून अधिक काळ झुंजणाऱ्या एका चिमुकल्या राष्ट्राची ही कथा आहे. ते राष्ट्र म्हणजे मॉरिशस. महाराष्ट्राला ते परके नाही. गिरमिटिया म्हणून तेथे गेलेल्या भारतीय मजुरांत बिहारी आणि तमिळ बांधवांबरोबर रत्नागिरी परिसरातील मराठी कुटुंबेही होती. तेथील शाळांत आजही मराठी शिकविली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तरीही मॉरिशस म्हटले की आपल्याकडे ऊस आणि मधुचंद्राची सहल एवढेच आठवते. त्या राष्ट्राने आपल्या समुद्रासाठी काय सोसले आणि काय मिळविले, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

बेट लहान, समुद्र अफाट

मॉरिशसची भूमी किती? सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. परंतु हे राष्ट्र ज्या समुद्रावर हक्क सांगते, त्याचे क्षेत्रफळ सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर आहे. भारतासारख्या खंडप्राय देशाच्या सागरी क्षेत्राच्या तोडीस तोड! हे कसे घडते, हे समजण्यासाठी समुद्राच्या कायद्याची तोंडओळख आवश्यक आहे.

१९८२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने सागरी कायद्याचा जागतिक करार झाला आणि १९९४ मध्ये तो अंमलात आला. त्यानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र हा त्या राष्ट्राचा सार्वभौम प्रदेश असतो. त्यापुढे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत त्याचे 'अनन्य आर्थिक क्षेत्र' असते. तेथून कोणाचीही जहाजे जाऊ शकतात, पण तेथील मासळी, खनिजे आणि तेल यांवर त्याच राष्ट्राचा अधिकार चालतो. समुद्रबूड जमिनीचा नैसर्गिक विस्तार त्याहूनही पुढे असल्याचे शास्त्रीय पुराव्याने सिद्ध झाल्यास तळाखालील संपत्तीवरचा हक्क आणखी पुढे जातो.

आता गणित पाहा. भर समुद्रात एखादे एकाकी बेट असेल आणि शेजारी दुसरे कोणी नसेल, तर त्याच्याभोवती २०० सागरी मैल त्रिज्येचे जे वर्तुळ पडते, त्याचे क्षेत्रफळ ४ लाख ३० हजार चौरस किलोमीटरच्या घरात जाते. संपूर्ण महाराष्ट्र ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरचा आहे. एका टीचभर बेटापोटी महाराष्ट्राहून मोठा समुद्र! खडकाळ, ओसाड बेटांसाठी मोठमोठी राष्ट्रे हमरीतुमरीवर का येतात, याचे उत्तर या वर्तुळात आहे.

मात्र याच कायद्यात एक मार्मिक अट आहे. जो खडक माणसाची वस्ती पोसू शकत नाही किंवा ज्याचे स्वतःचे आर्थिक जीवन असू शकत नाही, त्याला हे २०० मैलांचे वर्तुळ मिळत नाही. याचा अर्थ असा की, जेथे माणूस जगू शकतो तेथेच हा समुद्र जमिनीच्या मागोमाग येतो. ही अट लक्षात ठेवावी. पुढील साऱ्या कथेचे मर्म तिच्यात आहे.

स्वातंत्र्याची किंमत

डच आले, त्यांनी या बेटाला आपल्या राजपुत्राचे नाव दिले आणि ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने ते अधिकृतपणे त्यांच्या हाती आले. या मुख्य बेटाच्या अंकित असलेली दूरदूरची बेटेही त्यासोबत गेली. त्यातच एक होता चागोस द्वीपसमूह. मॉरिशसपासून दोन हजार किलोमीटरहून अधिक ईशान्येला आणि मालदीवच्या दक्षिणेला सुमारे पाचशे किलोमीटरवर पसरलेली ही साठेक प्रवाळबेटे आहेत. सारी मिळून जमीन साठ चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. त्यांतील सर्वांत मोठे बेट म्हणजे दिएगो गार्सिया.

१९६० च्या दशकात ब्रिटिश साम्राज्याचा सूर्य मावळतीला लागला होता. सुवेझच्या पूर्वेकडील पसारा आवरण्याचा विचार लंडनमध्ये सुरू होता आणि हिंदी महासागरात पाय रोवण्यासाठी अमेरिका जागा शोधत होती. तिची नजर दिएगो गार्सियावर पडली. त्याच सुमारास, सप्टेंबर १९६५ मध्ये, मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये चालू होती. मॉरिशसचे नेते होते सर शिवसागर रामगुलाम. बिहारमधून मजूर म्हणून आलेल्या पित्याचा हा पुत्र डॉक्टर होऊन राष्ट्रनेता झालेला. २३ सप्टेंबर १९६५ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी त्यांना भेटीस बोलावले. त्या भेटीपूर्वी विल्सन यांच्या सचिवाने लिहिलेली टिपणी पुढे उजेडात आली. पाहुण्याला आशा दाखवूनच भिववावे, असा तिचा आशय होता. आशा स्वातंत्र्य मिळण्याची. भीती अशी की, चागोस तोडून देण्यास समंजसपणे संमती दिली नाही तर ते हुकेल.

रामगुलाम यांच्यापुढे पर्याय तरी कोणता होता? गुलाम राष्ट्राचा प्रतिनिधी धन्याच्या दिवाणखान्यात बसून वाटाघाटी करतो, तेव्हा त्याला 'करार' म्हणावे का, हा प्रश्न पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाही पडला. ३० लाख पौंड आणि काही आश्वासने यांच्या बदल्यात संमती घेण्यात आली. त्या आश्वासनांत एक महत्त्वाचे होते. संरक्षणासाठी गरज उरणार नाही तेव्हा बेटे मॉरिशसला परत मिळतील. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी राजाज्ञेने चागोस मॉरिशसपासून तोडण्यात आला आणि 'ब्रिटिश हिंदी महासागरी प्रदेश' नावाची एक नवीच वसाहत जन्मास आली. साऱ्या जगात वसाहती संपत असताना नवी वसाहत निर्माण करण्याचा हा पराक्रम! स्वातंत्र्यापूर्वी वसाहतीचे तुकडे पाडू नयेत, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६० मध्येच जाहीर केले होते. डिसेंबर १९६५ मध्ये आमसभेने मॉरिशसचे नाव घेऊन ब्रिटनला पुन्हा बजावले. लंडनने ते मनावर घेतले नाही. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला, पण खंडित होऊन. खंडित स्वातंत्र्याची वेदना काय असते, हे भारतीय मनाला वेगळे सांगावयास नको.

माणसे उठविली, कुत्रीही मारली

डिसेंबर १९६६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात पन्नास वर्षांचा करार झाला. वरकरणी भाडे शून्य. प्रत्यक्षात पाणबुडीवरून डागावयाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या खर्चात ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची गुप्त सूट देण्यात आली.

अडचण एकच होती. बेटांवर माणसे होती. फ्रेंचांच्या काळात नारळाच्या बागांसाठी आणलेल्या आफ्रिकी आणि मादागास्करी गुलामांची, आणि नंतर आलेल्या काही भारतीय मजुरांची ही संतती. पाच-सहा पिढ्या तेथे नांदल्या होत्या. त्यांची स्वतःची क्रिओल बोली होती, देवळे होती, दफनभूमी होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कागदोपत्री असे भासविले की, तेथे कोणी मूळ रहिवासी नाहीत, केवळ हंगामी कामगार आहेत. त्या काळातील एका सरकारी टिपणीत या लोकांचा उल्लेख टार्झन आणि रॉबिन्सन क्रूसोचा सेवक फ्रायडे यांच्या नावांनी, कुचेष्टेने केलेला आढळतो.

१९६८ ते १९७३ या काळात सुमारे दीड ते दोन हजार माणसांना बेटांवरून हलविण्यात आले. जे उपचारासाठी वा नातलगांना भेटण्यासाठी मॉरिशसला आले होते, त्यांना परतीचे जहाज मिळाले नाही. उरलेल्यांचा धान्यपुरवठा आटविण्यात आला. दिएगो गार्सियावरील पाळीव कुत्री एका बंदिस्त छपरात कोंडून विषारी धुराने मारण्यात आली. शेवटी माणसांना मालवाहू जहाजात भरून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरविण्यात आले. हाताशी एखादी पेटी, त्याहून अधिक काही नाही.

येथे एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे. या निर्वासितांना मॉरिशसनेही पोटाशी धरले नाही. ब्रिटनने १९७२ मध्ये त्यांच्या पुनर्वसनासाठी दिलेले साडेसहा लाख पौंड त्यांच्या हाती पडावयास १९७८ उजाडले. पोर्ट लुईच्या झोपडवस्त्यांत दारिद्र्य, व्यसने आणि उपेक्षा यांत एक पिढी झिजून गेली. जे सरकार बेटांसाठी जगाच्या दारी न्याय मागत होते, त्याच्या स्वतःच्या दारी त्या बेटांची माणसे उपाशी उभी होती.

तरीही त्यांनी हार मानली नाही. ऑलिव्हिए बँकू या चागोसी कार्यकर्त्याने लंडनच्या उच्च न्यायालयात खटला भरला आणि नोव्हेंबर २००० मध्ये तो जिंकला. हद्दपारीचा हुकूम बेकायदा ठरला. परंतु २००४ मध्ये संसदेला वळसा घालून, राणीच्या आज्ञेच्या आधारे ही बंदी पुन्हा लादण्यात आली आणि २००८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी तिला मान्यता दिली. कायद्याचे राज्य म्हणून मिरविणाऱ्या देशात एका न्यायाधीशाच्या मताने हजारो माणसांचे घर गेले.

निसर्गरक्षणाची शाल

१ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनने चागोसभोवतालचा लाखो चौरस किलोमीटरचा समुद्र 'सागरी संरक्षित क्षेत्र' म्हणून घोषित केला. मासेमारीला बंदी! जगभरच्या निसर्गप्रेमींनी टाळ्या वाजविल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकी दूतावासाची काही गोपनीय पत्रे फुटली आणि असे उघड झाले की, हे क्षेत्र घोषित झाल्यावर मूळ रहिवाशांना परतणे कठीण होईल, असा हिशेब ब्रिटिश अधिकारी अमेरिकी अधिकाऱ्यांपुढे मांडत होते. प्रवाळाचे रक्षण वाईट नव्हे. पण त्या शालीखाली दुसरेच काही झाकले होते.

मॉरिशसने येथे मुत्सद्देगिरी दाखविली. सार्वभौमत्वाचा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेता येत नव्हता, कारण राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्याची तजवीज ब्रिटनने आधीच केली होती. २००४ मध्ये मॉरिशसने राष्ट्रकुलातून बाहेर पडण्याचा इशारा दिला, तेव्हा ब्रिटनने तातडीने आपल्या घोषणेत दुरुस्ती केली आणि राष्ट्रकुल सोडून गेलेल्या देशांनाही वगळून टाकले. दार लावून वर कडी घालण्याचाच हा प्रकार. मग मॉरिशसने खिडकी शोधली. सागरी कायद्याच्या कराराखाली लवाद मागितला. १८ मार्च २०१५ रोजी लवादाने निर्णय दिला की, मॉरिशसच्या हक्कांचा योग्य विचार न करता घोषित केलेले ते संरक्षित क्षेत्र कराराचा भंग करणारे आहे आणि १९६५ ची आश्वासने ब्रिटनवर कायद्याने बंधनकारक आहेत. बेटे कोणाची, या प्रश्नात मात्र बहुमताने लवादाने हात घातला नाही.

हेगचे दार उघडले

दुसरी खिडकी होती आमसभेची. जून २०१७ मध्ये आमसभेने ९४ विरुद्ध १५ मतांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सल्ला मागण्याचा ठराव केला. सप्टेंबर २०१८ मध्ये हेग येथे सुनावणी झाली. मॉरिशसची बाजू मांडण्यास स्वतः सर अनिरुद्ध जगन्नाथ उभे राहिले. १९६५ च्या लंडन परिषदेत भाग घेतलेल्यांपैकी हयात असलेले ते एकमेव होते. पस्तिशीच्या तरुणाने जे पाहिले, ते ऐंशी ओलांडलेल्या वृद्धाने न्यायासनापुढे सांगितले. एका चागोसी स्त्रीची साक्ष ध्वनिचित्रफितीद्वारे ऐकविण्यात आली. बेट सोडावे लागले तेव्हा ती गर्भवती होती आणि तिचे मूल जगले नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या मातेचे चार शब्द विधिज्ञांच्या ग्रंथांहून जड होते.

भारताने लेखी आणि तोंडी निवेदनाद्वारे मॉरिशसच्या सार्वभौमत्वाचे निःसंदिग्ध समर्थन केले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ असा कौल दिला. चागोसचे विभाजन त्या लोकांच्या खऱ्या व मुक्त इच्छेवर आधारलेले नव्हते, वसाहतमुक्तीची प्रक्रिया अपूर्ण राहिली आहे आणि ब्रिटनने तेथील प्रशासन शक्य तितक्या लवकर संपवावे. बहुमतात न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. विरोधी मत एकच, अमेरिकी न्यायाधीशांचे. पाठोपाठ मे २०१९ मध्ये आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी ब्रिटनला सहा महिन्यांची मुदत दिली. ब्रिटनने हा सल्ला बंधनकारक नसल्याचे सांगून तो धुडकावला. परंतु कायद्याचे पाणी हळूहळू मुरत असते. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या नकाशात चागोस मॉरिशसचा म्हणून दाखविला गेला. २०२१ मध्ये जागतिक टपाल संघाने त्या वसाहतीची टपाल तिकिटे अमान्य केली. साम्राज्य असे एकेक तिकीट करून झिजते.

शेजाऱ्यांशी वाटणी

परक्या सत्तेशी भांडणे वेगळे आणि शेजाऱ्याशी वाटणी करणे वेगळे. या दुसऱ्या कामातही मॉरिशसचे वर्तन अभ्यासण्यासारखे आहे. सेशेल्सशी त्याने २००८ मध्ये सागरी सीमा ठरविली. पुढे दोघांच्या मधल्या मस्कारीन पठारावरील समुद्रबूड जमिनीवर भांडत न बसता दोघांनी संयुक्त दावा दाखल केला. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने तो उचलून धरला आणि २०१२ मध्ये सुमारे ३ लाख ९६ हजार चौरस किलोमीटर समुद्रतळाचा संयुक्त कारभार करण्याचे करार दोघांनी केले. महाराष्ट्राहून मोठा सामाईक बांध आणि त्यावर तंटा नाही!

मालदीवशी मात्र प्रकरण न्यायाधिकरणात गेले. चागोस आणि मालदीव यांची २०० मैलांची वर्तुळे एकमेकांवर येतात. मालदीवचे म्हणणे असे की, चागोस कोणाचा हे ठरलेले नसताना मॉरिशसशी सीमा कशी आखावी? जानेवारी २०२१ मध्ये सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने हा आक्षेप फेटाळला. हेगच्या मतानंतर ब्रिटनचा दावा म्हणजे नुसते म्हणणे उरले आहे, असे त्याने मानले. दावा मालदीववर आणि पराभव ब्रिटनचा!

मोजणीसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसचे पथक चागोसच्या उत्तरेकडील ब्लेनहाइम या ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या प्रवाळरांगेकडे गेले. त्याच सफरीत पेरोस बान्योस बेटावर मॉरिशसचा ध्वज फडकविण्यात आला. सोबत काही चागोसी होते. पन्नास वर्षांनी, ब्रिटिश पहाऱ्याविना, त्यांनी आपल्या मोडक्या देवळांसमोरचे रान साफ केले. २८ एप्रिल २०२३ रोजी अंतिम निकाल लागला. एकमेकांवर येणाऱ्या क्षेत्रापैकी ४७,२३२ चौरस किलोमीटर मालदीवला आणि ४५,३३१ चौरस किलोमीटर मॉरिशसला. मॉरिशसचा समुद्रतळाबाबतचा जादा दावा मात्र पुराव्याअभावी मान्य झाला नाही. दोन्ही राष्ट्रांनी निकाल स्वीकारला. जुलै २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातील वादात लवादाने २५ हजारांपैकी १९ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर बांगलादेशला दिले, तेव्हा भारतानेही तो निर्णय मान्य केला होता. स्वतःविरुद्ध गेलेला निकाल मानणे हे दुर्बलतेचे लक्षण नव्हे. नियमांवर चालणाऱ्या समुद्रात मोठ्या राष्ट्राचाही लाभच असतो.

एका शब्दाचा तंटा

मॉरिशसचा आणखी एक वाद फ्रान्सशी आहे, त्रोमलँ बेटाचा. जेमतेम एक चौरस किलोमीटरची ही वाळूची पट्टी. पण तिच्याभोवतालचे सागरी क्षेत्र सुमारे २ लाख ८० हजार चौरस किलोमीटर! वाद आहे १८१४ च्या तहातील एका शब्दाचा. मॉरिशस आणि त्याची अंकित बेटे, 'विशेषतः' रॉड्रिग्ज व सेशेल्स, ब्रिटनला दिली, असे इंग्रजी वाचन सांगते. म्हणजे इतर बेटेही त्यात आली. फ्रेंच म्हणतात, मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'नामोल्लेखाने' असा होतो. ज्यांची नावे घेतली तीच दिली. त्यामुळे त्रोमलँ आमचेच. जून २०१० मध्ये दोन्ही देशांनी संयुक्त व्यवस्थापनाचा करार केला, परंतु फ्रान्सच्या संसदेत सार्वभौमत्व गमावण्याच्या भीतीने त्याची मंजुरी अडकून पडली.

या बेटाची एक कहाणी आहे. १७६१ मध्ये मादागास्करहून चोरून गुलाम नेणारे एक फ्रेंच जहाज तेथे फुटले. खलाशांनी भग्न लाकडांची नाव बांधली आणि परत येण्याचे वचन देऊन ते निघून गेले. सुमारे साठ गुलाम मागे राहिले. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर १७७६ मध्ये, एक जहाज पोहोचले तेव्हा सात स्त्रिया आणि आठ महिन्यांचे एक बालक जिवंत होते. बेटाला नाव मिळाले ते सोडविणाऱ्या कप्तानाचे. ज्यांनी तेथे पंधरा वर्षे प्राण धरून ठेवले, त्यांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत.

करार झाला, प्रश्न उरला

अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनने चागोसवरील मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करण्याची घोषणा केली आणि २२ मे २०२५ रोजी करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. मॉरिशसच्या वतीने स्वाक्षरी केली पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम यांनी. साठ वर्षांपूर्वी ज्यांना भिववून संमती घेतली, त्या शिवसागर रामगुलाम यांचे हे पुत्र. पित्याच्या हातून जे गेले, ते परत मिळविणाऱ्या कागदावर पुत्राची मोहोर उमटली. करारानुसार चागोस मॉरिशसचा. दिएगो गार्सियावरील तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे. त्यापोटी वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. विस्थापितांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी. आणि दिएगो गार्सिया वगळून अन्य बेटांवर पुनर्वसन करण्याची मॉरिशसला मुभा. भारताने या कराराचे स्वागत केले. मात्र स्वाक्षरी म्हणजे अंमलबजावणी नव्हे. दोन्ही देशांतील मंजुरीची वाट ओलांडल्याविना करार अंमलात येत नाही, आणि त्या वाटेत काटे आहेत. मे २०२५ मध्ये कराराला पाठिंबा देणाऱ्या अमेरिकेच्याच अध्यक्षांनी जानेवारी २०२६ मध्ये त्यावर जाहीर टीका केली.

पण सर्वांत खोल काटा निराळाच आहे. स्वाक्षरीच्या दिवशी सकाळी दोन चागोसी स्त्रियांच्या अर्जावरून लंडनच्या न्यायालयाने काही तासांसाठी स्वाक्षरी रोखून धरली होती. त्यांचा प्रश्न साधा होता. आमच्या जन्मभूमीविषयी करार करताना आम्हाला कोणी विचारले? चागोसी समाजात दोन मते आहेत. बँकू यांच्यासारखे अनेकजण मॉरिशसबरोबर आहेत, तर ब्रिटनमधील क्रॉली शहरात स्थिरावलेल्या अनेकांना मॉरिशसवर विश्वास नाही. १९६५ मध्ये त्यांना विचारले नव्हते. २०२५ मध्येही वाटाघाटींच्या मेजावर त्यांना आसन नव्हते. ध्वज बदलला म्हणजे न्याय पूर्ण झाला, असे म्हणता येत नाही. भूमी आणि तिची लेकरे यांचा ताटातुटीचा काळ संपेल, तेव्हाच तो पूर्ण होईल.

भारतासाठी बोध

या साऱ्यातून भारताने काय घ्यावे? पहिला बोध चिकाटीचा. तेरा लाखांहूनही कमी लोकसंख्येच्या राष्ट्राकडे नौदल नाही, क्षेपणास्त्रे नाहीत. शासने बदलली, पक्ष बदलले, पण चागोसचा दावा कोणी सोडला नाही. १९९२ मध्ये प्रजासत्ताक होताना देशाच्या व्याख्येत चागोस आणि त्रोमलँ यांची नावे घालूनच त्यांनी संविधान सिद्ध केले.

दुसरा बोध अभ्यासाचा. सागरी खटले घोषणांनी जिंकले जात नाहीत. त्यासाठी नकाशे, तळाच्या मोजण्या, जुनी दफ्तरे आणि कायदेपंडित लागतात. भारतीय नौदलाच्या सर्वेक्षण नौकांनी मॉरिशसच्या सागराची मोजणी करण्यास हातभार लावला आहे. कोलकात्यात बांधलेली 'बाराकुडा' ही गस्तनौका मार्च २०१५ पासून त्यांच्या सेवेत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने जाहीर केलेल्या साहाय्यात चागोसच्या संरक्षित सागराची देखरेखही समाविष्ट आहे.

तिसरा बोध अधिक नाजूक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशसच्या अगालेगा या दूरस्थ बेटावर भारताने बांधलेली धावपट्टी आणि धक्का यांचे उद्घाटन झाले. तेथील सुमारे तीनशे रहिवाशांपैकी काहींच्या मनात भय होते की, आपल्याही नशिबी चागोस येणार काय? हा लष्करी तळ नाही, असे दोन्ही सरकारांनी स्पष्ट केले. हिंदी महासागरात चीनच्या हालचाली वाढत असताना भारताने सावध राहणे हे कर्तव्यच आहे. परंतु जेथे इंग्रज बेट पाहून माणसे विसरला, तेथे भारताने माणसे पाहून बेट राखावे. अगालेगाच्या कोळ्याच्या घरी उजेड, औषध आणि प्रवासाची सोय पोहोचली आणि तो आपल्या अंगणात निर्धास्त झोपला, तर त्याहून भक्कम तटबंदी दुसरी नाही. कायदाही हेच सांगतो. जेथे माणूस जगू शकत नाही, त्या खडकाला समुद्र मिळत नाही.

श्रोतेहो, घरोघरी भिंतीवर भारताचा नकाशा असतो. बहुतेक नकाशे कन्याकुमारीच्या खाली बोटभर निळा रंग देऊन संपतात. मुलांना एकदा संपूर्ण हिंदी महासागराचा नकाशा आणून द्यावा. त्यावर चागोस शोधावयास सांगावे, अगालेगा शोधावयास सांगावे आणि कोकणातील माणसे कोणत्या बेटावर गणपती बसवितात तेही दाखवावे. ज्यांनी पाण्यावरच्या रेघेला सामान्य मानले, त्यांचे समुद्र गेले. ज्यांनी ती काळ्या दगडावरच्या रेघेइतकी जपली, त्यांना साठ वर्षांनी का होईना, पण जगाला ती मान्य करावी लागली. ती रेघ ज्यांच्या आसवांनी ओढली गेली, त्यांना त्यांच्या नारळाच्या बनात परत जाता यावे, एवढेच आता उरले आहे. ते होईपर्यंत हा विषय संपला, असे कोणी समजू नये.